खाडाखोड नसलेला कागद

माझं अक्षर चांगलं आहे. डॉक्टरानं स्वतःबद्दल असं सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. माझे वडील सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी मला लहानपणी दोन गोष्टी मारून शिकवल्या: ओळ सरळ ठेवायची आणि लिहिलेलं खोडायचं नाही. "आधी डोकं चालवायचं, मग पेन," असं ते म्हणत. पानावर कुठं खाडाखोड दिसली की ते पान फाडायला लावत आणि पहिल्यापासून लिहायला बसवत. पुढं मी हाडांचा डॉक्टर झालो, वडील गेले, पण माझ्या केसपेपरवर कधी काही खोडलेलं दिसणार नाही याचा मला मोठा अभिमान होता.

त्या केसपेपरची माझी एक पद्धत आहे. तपासणीत काय आढळलं, कोणतं ऑपरेशन केलं, हे वरच्या भागात इंग्रजीत असतं, सगळे डॉक्टर लिहितात तसंच. त्याखाली मी एक आडवी रेघ मारतो, 'रुग्णास सूचना' असं लिहितो आणि रेघेखालचं सगळं मराठीत लिहितो, ठळक, सुटं सुटं. माझ्याकडं लांबून माणसं येतात. करकंबहून येतात, दुधनीहून येतात, पार हद्दीपलीकडच्या कानडी गावांतूनही येतात. समोर बसून मान डोलावतात आणि एसटीत बसेपर्यंत निम्मं विसरतात. कागद मराठीत असला तर गावात चौथीतलं पोरसुद्धा तो आजीला वाचून दाखवू शकतं. माझे डॉक्टर मित्र चेष्टा करायचे, "तुझ्याकडं लोक औषधाला येतात की शुद्धलेखनाला?" मी वरवर चिडायचो आणि आतून फुलायचो.

चिडका तर मी आहेच. ओपीडीत माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जातो. आमच्याकडच्या लोकांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट ओरडणारा डॉक्टर काळजीवाला, असा त्यांचा समज आहे. तो समज मी तीस वर्षं वापरून घेतला.

जिल्ह्यात खेळताना जे काही मोडतं किंवा निखळतं, त्यातलं बरंचसं माझ्याकडं येतं. कबड्डीतले खांदे, तालमीतली कोपरं, खो-खोतले गुडघे. मी स्वतः शाळेत क्रिकेट खेळलो, तेही बारावा गडी म्हणून. खेळातल्या दुखापतींचं शिक्षण मी मोठ्या शहरांत आणि परदेशी पुस्तकांतून घेतलं. त्या पुस्तकांतला गुडघा फुटबॉलवाल्याचा असतो, नाहीतर बर्फावरून घसरणाऱ्याचा. खो-खो मी शाळेच्या कुंपणाबाहेरून, जाता-येता पाहिलेला. एकूण उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. शेळ्या बऱ्या होऊन घरी जात होत्या म्हणून मला कुणी काही म्हणत नव्हतं.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा अठराची असेल. दुधनीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. सोबत बाप होता. बापाची मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. दोघं आपसात कानडीत बोलायचे आणि माझ्याकडं वळले की मराठीत. ती खो-खोच्या जिल्हा संघात होती. सरावात वळताना गुडघा आतून फिरला होता आणि तेव्हापासून चालताना मध्येच दगा देत होता. मी गुडघा हातात धरून पुढं ओढून पाहिला. आतला दोर, म्हणजे लिगामेंट, पूर्ण तुटलेलं होतं.

बापाला समजावं म्हणून मी म्हणालो, "मामा, शेळीचं दावं तुटलं की शेळी कुठंही जाते. तसा हिचा गुडघा कुठंही जातोय. आत नवा दोर बसवावा लागेल."

"बसवा की साहेब," तो म्हणाला. "पर परत खेळंल न्हवं? हिला पोलिसात जायाचं हाय. राज्याच्या संघात निवड झाली की खेळाडूंच्या जागंतनं घेत्यात म्हणं."

"माझं ऐकलं तर खेळेल. पण शब्द न् शब्द ऐकायचा."

"ऐकंल. मी हाय न्हवं. तुमी फकस्त लिवून द्या."

लिहून द्या म्हणणारा पेशंट मला नेहमीच आवडायचा.

ऑपरेशन चांगलं झालं. मी रेघेखाली अकरा सूचना लिहून दिल्या. त्यातली चौथी होती: 'उकिडवे बसू नये. मांडी घालू नये.' कधीपर्यंत, ते लिहिलं नाही. ते मी पुढच्या तपासणीत तोंडी सांगायचो. बहुतेक वेळा सांगायचो, कधी राहूनही जायचं.

आमच्याकडं व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण मला न घाबरणारी दवाखान्यातली ती एकटीच. त्या एकदा मला सांगत आल्या की ही मुलगी आठवड्यातून दोनदा सकाळच्या पॅसेंजरनं येते, जिना चढताना सुरुवात कोणत्या पायानं करायची तेसुद्धा विचारून जाते. घरी संडासात उकिडवं बसायला नको म्हणून बापानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं होतं. मेंढरांमागं जाणं बंद. जेवायला भाऊ-बहिणी जमिनीवर आणि ही एकटी पत्र्याच्या डब्यावर. घोट्याला बांधायला वाळूची पिशवी तिनं घरीच शिवली होती. "सर, इतकं तंतोतंत ऐकणारं पेशंट मी पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. मी खूश झालो. माझ्या अक्षराचाच तो विजय असल्यासारखं मला वाटलं.

अकरा महिन्यांनी ती फिटनेसचं सर्टिफिकेट मागायला आली. राज्य संघाची निवड चाचणी जवळ आली होती. मी तिला कॉरिडॉरमध्ये एका पायावर उड्या मारायला लावल्या, पळायला लावलं, दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. पुस्तकात दिलेल्या सगळ्या परीक्षांत ती पास झाली. मी सही करायला पेन उघडलं.

तेव्हा ती म्हणाली, "सर, आमच्यात बसून उटायचं असतंय. खाली बसल्यालं, खो मिळाला की तसंच उटून वळायचं. त्ये मी अजून क्येलंच न्हाय."

हे ती बोलली. मला तिचे शब्द आजही जसेच्या तसे आठवतात, म्हणजे ते माझ्या कानात शिरले होते. डोक्यापर्यंत मी जाऊ दिले नाहीत. मी म्हणालो, "फिट म्हणजे फिट. मला शिकवू नकोस. जा, खेळ." बाहेरच्या बाकावरचे लोक हसले, आणि तीही हसली. बाप हात जोडून उभा होता.

पाचव्या दिवशी दोघं परत आले. तिचा गुडघा भरलेल्या लोट्यासारखा सुजला होता. सरावाच्या पहिल्याच डावात ती चौकोनात बसली, पाठीवर खो पडला, ती उठून वळली आणि खालीच कोसळली. दोर पुन्हा तुटला होता. तपासताना ते मला हाताला कळलं.

मला त्या क्षणी भीती वाटली. हे आज लिहितोय. तेव्हा मला वाटलं की मला राग आलाय. सर्टिफिकेटवर माझी सही होती. तिचे प्रशिक्षक जिल्हाभर सांगत फिरत होते की सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघा नवा करून दिला. आणि ओपीडी भरलेली होती.

"व्यायाम केले होतेस?" मी विचारलं.

"केले की, सर."

"खरं सांग."

"खरंच सर. रोज."

"रोज केले असते तर हे झालं नसतं," मी ओरडलो. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी ते सगळं त्या मुलीवर ढकललं. बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून डोकावले. बाप एकदा माझ्याकडं बघत होता आणि एकदा मुलीकडं. मी कागद ओढला. ऑपरेशन निकामी झाल्याचं वर इंग्रजीत लिहिलं. मग रेघ मारली आणि रेघेखाली, ठळक, सुटं सुटं लिहिलं: 'सांगितलेले व्यायाम केले नाहीत. निष्काळजीपणामुळे गुडघा पुन्हा निकामी झाला.'

हेच वाक्य मी रेघेच्या वर लिहिलं असतं तर इंग्रजीत गेलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. इतर डॉक्टरांसारखं माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण चौथीतल्या पोरानंही वाचावं असं मी लिहिलं.

शाई वाळायच्या आत फिजिओथेरपिस्ट बाई आत आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. हातात हजेरीची वही होती. ती त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवली आणि हळू म्हणाल्या, "सर, ही एकही दिवस चुकलेली नाही. हे बघा."

मी बघितलं. पानापानावर तिची सही होती, गोल गोल, शाळकरी. कागद माझ्या हाताखाली होता. एक आडवी रेघ ओढली असती तर काम झालं असतं. मला तेव्हा काय आठवावं? वडील आठवले. खोडलेला कागद लोकांसमोर जाणार, आणि तोही माझा, हे मला सहन होईना. नवा कागद घेऊन पहिल्यापासून लिहायचं म्हटलं तर मुलीचा बाप बघत होता. मी वही मिटून बाईंना परत दिली आणि म्हणालो, "घरी काय करते ते तुमच्या वहीत येत नाही." बाई वही घेऊन निघून गेल्या. 

कागद मी बापाच्या हातात दिला. सूज उतरली की तीन महिन्यांनी या, दुसरं ऑपरेशन करू, असं सांगितलं. बापानं कागदाची नीट घडी घातली. मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला राग आलेला नव्हता. शाळेत बरोबर आलेल्या गणितावर मास्तरांनी फुली मारली की मुलं वहीकडं जसं बघतात, तसं ती माझ्याकडं बघत होती.

तीन महिन्यांनी ते आले नाहीत. सहा महिन्यांनीही नाही. लोक दुसरीकडं जातात, असं मी स्वतःला सांगितलं.

दीडेक वर्षानं एका शाळेच्या मैदानावर खो-खोच्या सामन्यांना मला बक्षीस समारंभासाठी बोलावलं. अशा ठिकाणी मी शेवटच्या अर्ध्या तासाला जातो. त्या दिवशी घोळ झाला आणि दोन तास आधी पोचलो. मला अगदी पुढं, मैदानाच्या रेघेला लागून खुर्ची दिली. मुलींचा सामना चालू होता. मी आयुष्यात पहिल्यांदा हा खेळ हाताच्या अंतरावरून पाहिला.

आठ मुली ओळीनं चौकोनांत बसलेल्या. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. गुडघे पूर्ण दुमडलेले, टाचा उचललेल्या, बोटं मातीत टेकलेली. पाठीवर थाप आणि 'खो' असा आवाज आला की तळातून उसळायचं आणि त्याच उसळीत वळून पळायचं. सगळा भार दुमडलेल्या गुडघ्यावर, वर वळणं. एका डावात एकेका मुलीनं ते किती वेळा केलं हे मी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. त्या मुलीला मी अकरा महिने उकिडवं बसू दिलं नव्हतं. मग ते हळूहळू सुरू करायला सांगितलंच नाही. एकदाही तिला माझ्यासमोर खाली बसवून उठवलं नाही, आणि सरळ मैदानावर पाठवलं. तिनं माझी चौथी सूचना पाळली नसती, चोरून का होईना शेतात उकिडवी बसली असती, मेंढरांमागं उठबस केली असती, तर कदाचित तो गुडघा टिकला असता. माझं शब्द न् शब्द ऐकलं, म्हणून तो गेला.

बक्षिसं मी कशी वाटली ते आठवत नाही. मुली पाया पडायला वाकत होत्या आणि मी पाय मागं घेत होतो. आयोजकांना वाटलं, डॉक्टरसाहेब फार विनम्र आहेत.

त्यानंतर मी काय केलं? वाचणाऱ्याला वाटेल गाडी काढून दुधनीला गेलो असेन. पत्ता माझ्या रजिस्टरमध्ये होता. दुधनी काही विलायतेला नाही. एकदा त्याच बाजूला शिबिराला गेलो, एकदा एका लग्नाला. दोन्ही वेळा गाडी त्या वस्तीच्या फाट्यावरून गेली. दोन्ही वेळा मी ड्रायव्हरला काहीही सांगितलं नाही आणि मोबाईल बघत बसलो.

जे केलं ते मात्र मला छान जमलं. खो-खोच्या प्रत्येक पेशंटला मी कॉरिडॉरमध्ये बसवून, उठवून, वळवून पाहायला लागलो. व्यायामाचं नवं वेळापत्रक बसवलं, त्यावर एका परिषदेत भाषण केलं. आपल्या मातीतल्या खेळांसाठी आपलं शास्त्र हवं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या मुलीचा गुडघा पडद्यावर दाखवला आणि 'एका रुग्णामध्ये अपयश आले' एवढं म्हणून पुढच्या चित्रावर गेलो. अपयश आले. कुठून आले, कुणी आणले, काही नाही. खाली उतरल्यावर लोक हात मिळवत होते आणि मला घाम फुटला होता. तरी मी प्रत्येकाशी हात मिळवला.

गेल्या उन्हाळ्यात, त्या कागदाला आठ-नऊ वर्षं झाल्यावर, ती मुलगी आली.

मी चेहऱ्याआधी चाल ओळखली. दारातून आत येताना तिनं उजवा पाय किंचित बाहेर फेकून टेकला. आतला दोर नसलेली माणसं वर्षानुवर्षं तशी चालतात. सलवारवरून गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. ती बापाला धरून आणत होती. बाप आता म्हातारा झाला होता, दोन्ही गुडघे झिजून पाय धनुष्यासारखे वाकले होते. मेंढरं विकली होती. मुलगी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला होती, पाळीभर उभ्यानं काम. तिथंच खोली घेऊन बापाला जवळ ठेवलं होतं.

"वळकलं का न्हाय साहेब?" बाप म्हणाला.

मी हो म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

त्यानं पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्यातून घडी घातलेला कागद. घड्यांवर कागद पिवळा पडला होता, पण अक्षर अगदी ताजं दिसत होतं. माझंच अक्षर. "तुमचाच कागद हाय," तो म्हणाला. "जपून ठेवलाय बगा." आणि मग खुर्चीत बसता बसता तो हात जोडून म्हणाला, "साहेब, माफी मागायची ऱ्हाऊन ग्येली हुती. तुमी येवढं चांगलं आपरेशन केलं आन हिनं त्याची माती केली. शाळंच्या मास्तरांनी हा कागद देवळाम्होरं वाचून दावला. चार माणसं हुती. लई लाज वाटली. मनलं, तुमच्यासारक्या माणसाचं जिनं ऐकलं न्हाय, तिच्यावर परत आपरेशन कशाला? खेळ बंद केला, कालेज बंद केलं. तुमाला तोंड दावायची लाज वाटली, म्हून आलोच न्हाय."

माझ्या समोर बसून तो माणूस माझी माफी मागत होता. वर्षानुवर्षं ती माफी त्यानं जपून ठेवली होती, त्या कागदाबरोबर. मुलगी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत होती. हे सगळं तिनं आधी ऐकलेलं होतं. किती वेळा, देव जाणे.

मी काय केलं असेल? मी उठून त्याचे गुडघे तपासले. हाताला काम लागलं की मला बरं वाटतं. एक्स-रे पाहिले, कागद घेतला, रेघ मारली आणि सूचना लिहायला लागलो. एक, गरम पाण्याचा शेक. दोन, गोळी जेवणानंतर. तीन, काठी डाव्या हातात. चार, जमिनीवर बसू नये. पाच, एक महिन्याने दाखवणे. मग सहावी ओळ लिहिली: 'मुलीने सर्व व्यायाम केले होते. चूक डॉक्टरची होती.'

शेकाच्या आणि गोळीच्या रांगेत मी ते बसवलं. घरी जाऊन वाचतील, असा माझा हिशेब होता. तोवर मी पुढच्या पेशंटला आत बोलावलेलं असेल.

पण बापानं कागद तिथंच मुलीकडं दिला. "वाच की," तो म्हणाला. ती वाचायला लागली, एकेक ओळ मराठीत वाचून कानडीत समजावून. पाचपर्यंत आली आणि थांबली. तिनं सहावी ओळ मनात वाचली.  मग त्या दिवशी पहिल्यांदा ती सरळ माझ्याकडं बघून बोलली.

"सर, सहावं मी वाचणार न्हाय."

"का?"

"लिवल्यालं एकदा वाचून झालंय. आता तुमी तोंडानं सांगा."

"काय हाय सहावं?" बाप विचारायला लागला.

दार अर्धं उघडं होतं. बाहेर नेहमीसारखी गर्दी. ज्याचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जातो म्हणून प्रसिद्ध, तो मी खाली बघत पुटपुटलो, "मामा, हिनं व्यायाम केले होते. चूक माझी होती."

बाप पुढं वाकला. "मोट्यानं बोला साहेब. मला ऐकाया कमी येतंय."

मी पुन्हा म्हणालो. त्यानं हात कानामागं धरला. मग मी मोठ्यानं बोललो. दवाखाना माझाच होता आणि माझं नाव दारावर होतं. तरी त्या क्षणी उठून पळून जावंसं वाटत होतं. मी ओरडून सांगितलं की हिनं सगळे व्यायाम रोज केले, एक दिवस चुकवला नाही. मी तिला उकिडवं बसायला शिकवायचं विसरलो. तिनं मला आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. कागदावर मी खोटं लिहिलं, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला दाखवून दिलं गेलं होतं. बाहेरच्या बाकावरचे लोक पुन्हा तसेच दारातून डोकावले.

बापानं कानामागचा हात खाली घेतला. तो ओरडेल असं मला वाटलं, आणि त्यानं ओरडावं असंही वाटलं. त्यानं जुना कागद उलगडून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. ते वाक्य कुठं आहे हे त्याला वाचता येत नसूनही ठाऊक होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

"मंग ह्ये खोडा," तो म्हणाला.

मी पेन घेतलं आणि खोडलं. एक रेघ मारली, मग दुसरी, मग वाक्य दिसेनासं होईपर्यंत मारत राहिलो. कागद घडीवर फाटला. त्यानं तो तसाच उचलला, मुलीकडं वळला आणि मराठीतच, म्हणजे मलाही कळेल असं, तिला विचारलं, "मंग पोरी, तवाच का न्हाय बोललीस मला?"

ती त्याची काठी उचलून त्याच्या डाव्या हातात देत होती.

"बोलले हुते की, आप्पा."